रिकाम्या दारातून

[काळा पडदा. पत्र्यावर पावसाचे तुरळक थेंब. हळूहळू सर वाढते.]

पत्र्याच्या छपराखाली झोपलेल्या माणसाला पाऊस डोळे मिटूनही कळतो. सुरुवातीचे थेंब एकेक करून ऐकू येतात. मग सर धरते, थेंब हरवतात आणि उरतो तो सलग आवाज. तरी नीट कान द्या. त्या सलग आवाजातही एक खरखर असते. पाऊस कितीही जोराचा असला तरी पडतो तो थेंबांनीच, आणि लागोपाठच्या दोन क्षणांत मोजून सारखे थेंब कधीच पडत नाहीत.

प्रकाशाचंही असंच आहे. त्याच्या थेंबाला फोटॉन म्हणतात. घरातला साधा दिवासुद्धा इतके फोटॉन ओततो की उजेड आपल्याला अखंड वाटतो. पण पृथ्वीवर काही मोजकी यंत्रं अशी आहेत, जिथे प्रकाशाची ही खरखर ऐकू येते. नुसती ऐकू येत नाही, आड येते. ही गोष्ट त्या खरखरीची आहे, आणि ती कमी करण्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली त्या माणसांची.

[पाइनचं जंगल, आकाशातून. जंगल कापत काटकोनात गेलेल्या दोन सरळ रेषा.]

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे. तिथलं हे यंत्र म्हणजे लायगो, गुरुत्वीय लहरी टिपणारं. त्याचं जुळं भावंड तीन हजार किलोमीटरवर, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या ओसाड माळावर. दोन्हीकडे रचना एकच: काटकोनात ठेवलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतून हवा काढून टाकलेली. दोन्ही नळ्या मिळतात त्या कोपऱ्यातून लेसरचा झोत सुटतो. एका तिरप्या काचेवर तो दुभंगतो, अर्धा या नळीत, अर्धा त्या नळीत. नळीतल्या आरशांमध्ये शेकडो फेऱ्या मारून दोन्ही झोत परत येतात आणि त्याच काचेवर भेटतात. लांबी अशी जुळवलेली असते की प्रकाशमापकाच्या बाजूला दोन्ही झोतांनी एकमेकांना पुसून टाकावं. तिकडे जवळजवळ अंधार राहतो. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लहर. ती आली की एक नळी किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते, जुळणी बिघडते आणि त्या अंधारात थोडा उजेड झिरपतो.

किंचित म्हणजे किती? १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, गणपती तीन दिवसांवर आले होते, तेव्हा पहिली लहर या नळ्यांतून गेली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती. तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेलं. एवढ्या उलथापालथीने आपल्या ४ किलोमीटरच्या नळीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशे पटींनी लहान होता. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथपर्यंतचं अंतर मोजावं आणि चूक केसाच्या जाडीहूनही कमी असावी, तसं हे मोजमाप.

[दोलकासारखा टांगलेला आरसा. कॅमेरा काचेच्या तंतूंवर थांबतो.]

इतकं बारीक ऐकायचं म्हणजे आधी बाकी सगळं शांत करावं लागतं. आरसे शुद्ध सिलिकाचे, ४० किलोचे, आणि ते टांगलेले असतात सिलिकाच्याच चार तंतूंवर, प्रत्येक तंतू अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आदळतात त्याची धडधड जमिनीतून इथवर येते. रेल्वे जाते, वारा सुटतो, जंगलात झाड पाडलं जातं. हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात एक अनोळखी ठकठक नोंदीत दिसू लागली. शोध घेतला तर बाहेरच्या थंडगार पाइपवर साचलेला बर्फ डोमकावळे टोचत होते. पाइपला आवरण घातलं, ठकठक थांबली.

असे गोंगाट कितीही असोत, त्यांचं मूळ सापडतं आणि उपाय निघतो. पण सगळे कावळे उडवल्यावर, सगळ्या लाटा वजा केल्यावरही एक गोंगाट उरतो, आणि त्याचं मूळ यंत्राच्या बाहेर कुठे सापडत नाही. तो मोजण्याच्या क्रियेतच आहे.

[पुन्हा पाऊस. आता एका ताणलेल्या पडद्यावर पडणारे थेंब, संथ गतीत.]

एक वॅटचा अवरक्त लेसर सेकंदाला किती फोटॉन टाकतो? पाचावर अठरा शून्यं. तरी ते रांगेत येत नाहीत, पावसासारखे येतात. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. प्रकाशमापकाला दिसणारा उजेड त्यामुळे सतत थरथरतो, आणि लहरीने आलेला उजेड कोणता आणि ही थरथर कोणती ते कळेनासं होतं. याला शॉट नॉइज म्हणतात. उपाय सरळ वाटतो: पाऊस वाढवा. झोत शंभर पट प्रखर केला तर त्याच्या मानाने थरथर दहा पटींनी कमी होते. म्हणून लायगोच्या नळ्यांत आज तीनशे किलोवॉटहून जास्त प्रकाश खेळत असतो.

पण प्रकाश जिथे आदळतो तिथे ढकलतो. तीनशे किलोवॉटचा झोत आरशावरून परतताना त्याला तांदळाच्या दहाएक दाण्यांच्या वजनाइतका रेटा देतो. रेटा स्थिर असता तर काही बिघडलं नसतं. तो स्थिर नसतो. फोटॉन कमीजास्त येतात, म्हणून रेटाही कमीजास्त होतो आणि आरसा थरथरतो. ज्या प्रकाशाने आरशाची जागा बघायची, तोच प्रकाश आरसा हलवतो. झोत चौपट केला तर शॉट नॉइज निम्मा होतो, पण रेट्याची थरथर दुप्पट. एक झाकायला जावं तर दुसरं उघडं पडतं. दोन्हींची बेरीज सर्वांत कमी जिथे होते, त्याच्या खाली जाता येत नाही, असं अगदी अलीकडेपर्यंत या यंत्रांच्या बाबतीत खरं होतं. या रेषेचं नाव प्रमाण क्वांटम मर्यादा.

ही रेषा प्रथम दिसली ती मॉस्को विद्यापीठातल्या व्लादिमीर ब्रगिन्स्की यांना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा लायगो कागदावरही नव्हतं. गुरुत्वीय लहरी पकडायला अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमचे दंडगोल टांगले होते, आणि त्यांची संवेदनशीलता क्वांटम मर्यादेपासून फार फार दूर होती. तरीही ब्रगिन्स्कींनी विचारलं: हे यंत्र सुधारत सुधारत गेलं तर शेवटी कशाला धडकेल? एक गोष्ट नेमकी मोजायला जावं तर तिच्या जोडीची दुसरी धूसर होते, हे हायजेनबर्गचं अनिश्चितता तत्त्व अणूंसाठी असतं, किलोकिलोच्या वस्तूंना ते जाणवत नाही, असं पाठ्यपुस्तकं शिकवत होती. ब्रगिन्स्की म्हणत होते, जाणवेल. आणि नुसतं एवढ्यावर न थांबता ते हेही म्हणत होते की मोजण्याची पद्धत बदलली तर ती रेषा ओलांडताही येईल. भिंत अजून दिसतही नाही, तेव्हा ती कुठे आहे हे सांगणारा आणि तिच्यात दार कुठे पाडता येईल याचाही विचार करणारा हा माणूस मला या सगळ्या कथेत सर्वांत मोठा वाटतो. पहिली लहर सापडल्याचं जाहीर झाल्यानंतर दीड महिन्याने, २०१६ च्या मार्चमध्ये ते गेले.

[तिरपी काच. एका बाजूने लाल झोत येतो. समोरच्या बाजूला काहीच नाही. कॅमेरा त्या 'काहीच नाही'वर स्थिर.]

आता खरी गंमत. १९७० च्या दशकाच्या शेवटी लेसरची यंत्रं आखली जात होती तेव्हा एक वाद होता. रेट्याची थरथर खरंच आड येते का? काहींचं म्हणणं, लेसरचा चढउतार तिरप्या काचेवर दोन्हीकडे समान वाटला जातो, दोन्ही आरसे सारखेच हलतात, फरकात काहीच दिसणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, प्रत्येक फोटॉन काचेवर जणू नाणं उडवतो, या नळीत की त्या नळीत. म्हणून दोन्हीकडे नेमके सारखे कधीच जात नाहीत.

कॅलटेकमध्ये किप थॉर्न यांच्याकडे शिकलेल्या कार्लटन केव्ह्ज या तरुणाने १९८० मध्ये याचा निकाल लावला, आणि तो लावताना बोट ठेवलं ते कुणाचं लक्ष नसलेल्या जागेवर. तिरप्या काचेला दोन दारं असतात. एकातून लेसर आत येतो. दुसरं दार प्रकाशमापकाकडे उघडतं. त्या दारातून आपण काहीही आत सोडत नाही. काहीही नाही म्हणजे निर्वात. पण क्वांटम सिद्धांतात निर्वात म्हणजे शून्य नव्हे. सगळा प्रकाश काढून घेतला तरी प्रकाशाच्या क्षेत्राचा कमीतकमी चढउतार शिल्लक राहतो, तो कुणालाच काढता येत नाही. तोच चढउतार त्या रिकाम्या दारातून आत शिरतो, लेसरमध्ये मिसळतो, आणि एका नळीत झोत किंचित वाढवून दुसऱ्या नळीत तेवढाच कमी करतो. आरसे विरुद्ध दिशांना ढकलले जातात. परतीच्या वाटेवर तोच चढउतार प्रकाशमापकावरची खरखरही होतो. फोटॉनचं नाणं उडवणारा हात हाच. दोन्ही गोंगाटांचा उगम एक, रिकामं दार.

एकदा दार सापडलं म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो. १९८१ मध्ये केव्ह्ज यांनी तोही लिहिला: त्या दारातून साधं निर्वात कशाला येऊ द्यायचं? आपण घडवलेलं निर्वात सोडू.

[कणीक मळणारे हात.]

प्रकाशाच्या लहरीबद्दल दोन गोष्टी विचारता येतात. तिची उंची किती, आणि ती आत्ता वर आहे की खाली, म्हणजे तिची कला. निर्वातात दोन्हींमधली अनिश्चितता सारखी असते. हायजेनबर्गचा नियम सांगतो की दोन्हींचा गुणाकार एका मर्यादेखाली जाणार नाही. पण कुणाच्या वाट्याला किती, हे तो सांगत नाही. कणकेचा गोळा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. कणीक तेवढीच राहते. आपलं मोजमाप कलेवर अवलंबून असेल तर अनिश्चितता कलेकडून दाबायची आणि उंचीकडे फुगू द्यायची. निसर्गाशी झालेला करार मोडायचा नाही, त्यातली मोकळी जागा वापरायची. याला संपीडित प्रकाश म्हणतात. दारातून सोडतात ते तर संपीडित निर्वात, म्हणजे ज्यात दिवा लावल्यासारखा उजेड नाही, पण खरखरीला आकार दिलेला आहे.

१९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये असा प्रकाश प्रथम तयार झाला. पद्धत आज वेगळी आहे. एका खास स्फटिकात हिरवा लेसर सोडतात. हिरव्या फोटॉनमधून अवरक्त फोटॉनची जोडी जन्मते आणि त्या जुळ्यांचे चढउतार एकमेकांशी बांधलेले असतात. दाबणं घडतं ते त्या बंधनातून.

मग चाळीस वर्षं का लागली? कारण संपीडित प्रकाश नाजूक आहे. दुधात पाणी मिसळावं तसं होतं. वाटेत एखादा आरसा थोडा प्रकाश शोषतो, एखादं भिंग केसभर तिरकं बसतं, आणि जेवढे फोटॉन हरवतात तेवढ्या जागी साधं निर्वात येऊन बसतं. प्रयोगशाळेच्या टेबलावर घट्ट पिळलेला प्रकाश चार किलोमीटरच्या यंत्रातून बाहेर पडेपर्यंत पातळ झालेला असतो. त्यामुळे या चाळीस वर्षांतलं बरंच काम सिद्धांताचं नव्हतंच. ते होतं आरसे अधिक स्वच्छ घासण्याचं, जुळणी राखण्याचं, इकडेतिकडे विखुरणारा प्रकाश अडवण्याचं. जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या जिओ ६०० या लहान यंत्राने २०१० पासून हा प्रकाश रोजच्या कामात वापरून दाखवला. लायगोत तो १ एप्रिल २०१९ ला सुरू झालेल्या तिसऱ्या निरीक्षण फेरीपासून कायमचा आला. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी सापडण्याचा अपेक्षित दर हॅनफर्डला ४० टक्क्यांनी आणि लिव्हिंग्स्टनला ५० टक्क्यांनी वाढला. नवी नळी नाही, मोठा लेसर नाही. फक्त रिकाम्या दारात घडवलेलं निर्वात.

[एमआयटीचा परिसर. मग पुन्हा टांगलेला आरसा, अगदी जवळून.]

जुलै २०२० मध्ये 'नेचर' मध्ये आलेला निबंध मला स्वतःला लहरींच्या पहिल्या नोंदीइतकाच मोलाचा वाटतो. एमआयटीतल्या नर्गिस मवालवाला, कराचीत वाढलेली पारशी मुलगी, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की निर्वाताचा चढउतार लायगोचे ४० किलोचे आरसे खरंच हलवतो. किती? एका मीटरचे एकावर वीस शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या साधारण एका भागाएवढं. हायड्रोजनच्या अणूचा एक हजार कोटीवा हिस्सा. तेही खोलीच्या साध्या तापमानाला. जो नियम अणूंपुरता आहे असं शिकवलं जायचं, तो माणसाला उचलताना जड जाईल अशा काचेवर मोजला गेला. ब्रगिन्स्की म्हणाले होते, जाणवेल.

एक अडचण मात्र उरली होती, कणकेच्या फुगवट्याची. कलेकडून दाबलं की उंचीकडे फुगतं, आणि उंचीची थरथर म्हणजेच आरशावरच्या रेट्याची थरथर. वरच्या स्वरांत यंत्र सुधारलं, खालच्या स्वरांत बिघडलं. जड आरसा मंद धक्क्यांना जास्त हलतो, म्हणून रेट्याचा त्रास खालच्या कंपनांत असतो आणि शॉट नॉइजचा वरच्या. मग हवं काय? खालच्या स्वरांसाठी गोळा उभा दाबलेला, वरच्यांसाठी आडवा दाबलेला, एकाच वेळी.

हे शक्य आहे असं किंबल, लेविन, मात्स्को, थॉर्न आणि व्यात्चानिन यांनी २००१ मध्ये लिहिलं होतं. प्रत्यक्षात आणायला मुख्य नळीशेजारी ३०० मीटरची आणखी एक निर्वात नळी उभारावी लागली. दोन टोकांना दोन आरसे. संपीडित निर्वात आधी या नळीकडे जातं. मंद चढउतार आत शिरून रेंगाळतात आणि परतताना वळलेले असतात. जलद चढउतार दारातूनच परततात, न वळता. मग दोन्ही मिळून मोठ्या यंत्रात शिरतात. २४ मे २०२३ ला सुरू झालेल्या चौथ्या फेरीत ही नळी कामाला लागली. यंत्राचा पल्ला १५ ते १८ टक्क्यांनी वाढला. ऐकायला थोडं वाटतं, पण पल्ला वाढतो तो चारी दिशांना. आकाशाचं जेवढं घनफळ आपण ऐकतो ते पल्ल्याच्या घनाने, म्हणजे १.१८ चा घन करून वाढतं, म्हणून टकरी सापडण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत वाढतं.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये लिव्हिंग्स्टनची मोजणी प्रसिद्ध झाली. सेकंदाला ३५ ते ७५ कंपनांच्या पट्ट्यात क्वांटम गोंगाट प्रमाण क्वांटम मर्यादेच्या खाली गेला होता. शक्तीच्या मापाने पाहिलं तर सर्वांत चांगल्या ठिकाणी मर्यादेच्या निम्म्यावर. एकूण गोंगाट नव्हे, बाकीचे गोंगाट अजून आहेतच. पण ती एक रेषा ओलांडली गेली.

[दोन आलेख, एकाखाली एक.]

वरचा आलेख सप्टेंबर २०१५ चा. खालचा १४ जानेवारी २०२५ चा, तो दिवस संक्रांतीचा होता. योगायोग असा की दोन्ही घटना जवळजवळ सारख्या. पुन्हा तिसेक सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, पुन्हा सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं. टक्कर तशीच, ऐकणारं यंत्र बदललेलं. वरच्या आलेखात लहर गोंगाटातून डोकं वर काढताना दिसते. खालच्यात ती तिपटीहून अधिक स्पष्ट आहे. हे सगळं श्रेय संपीडित प्रकाशाचं नाही, लेसर प्रखर झाला, आरशांवरचे दोष कमी झाले. पण त्याचा वाटा त्यात आहे. या स्पष्टतेमुळे मिसळल्यानंतरच्या कृष्णविवराचा घुमणारा नाद वेगळा काढता आला, आणि पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजता आलं: आधी दोघांचं मिळून सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, नंतर एकाचं सुमारे ४,००,०००. कृष्णविवरांचं क्षेत्रफळ कधी घटत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेलं प्रमेय इतक्या खात्रीने आधी तपासता आलं नव्हतं.

[हिंगोली जिल्हा. काळी माती, कापणी झालेलं शेत. दूर देवळाचं शिखर.]

अशा गोंगाटातून लहर ओळखायची तर तिचा आकार आधी माहीत असावा लागतो. त्या आकाराच्या चाळणीतून नोंदी गाळण्याचं गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या सुमाराला उभं केलं, लहर सापडायच्या पंचवीस वर्षं आधी. आता लायगोचं तिसरं भावंड महाराष्ट्रात यायचं आहे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अमेरिकेपासून इतक्या लांब एक कान असला की लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते कितीतरी नेमकं सांगता येईल.

औंढ्याच्या देवळाची एक कथा वारकऱ्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. नामदेव इथे आले तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, पण ठेवावे तिथे पिंड. रिकामी जागा काही सापडेना. या कथेत भौतिकशास्त्र शोधू नये, तो कथेवरही अन्याय आणि शास्त्रावरही. पण देवळापासून काही किलोमीटरवर निर्वाताच्या दोन नळ्या टाकल्या जातील, चार-चार किलोमीटरच्या, तेव्हा हिंगोलीच्या माणसाला ती आठवल्याशिवाय राहणार नाही.

[शेताच्या कडेला वारा. झोत नाही, यंत्र नाही. कॅमेरा मोकळ्या जमिनीवर स्थिर.]

या जमिनीवर एक कोपरा ठरेल. तिथे तिरपी काच बसेल. तिच्या एका दारातून लेसर आत येईल. दुसऱ्या दाराकडे कुणाचं तरी सतत लक्ष असेल.

[पावसाचा पहिला थेंब. काळा पडदा.]